फडकं, पायपुसणं आणि दाराखालची फट: धूळ कमी करणाऱ्या वस्तूंची पारख

केर काढून अर्धा तास होत नाही तोच टीव्हीवर धुळीचा पातळ थर दिसतो. ती धूळ नवी नसते. मघाशी झाडूने उडवलेलीच तिथे येऊन बसलेली असते. १० मायक्रॉनचा कण, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, स्थिर हवेत सेकंदाला साधारण ३ मिलिमीटर खाली सरकतो. २ मीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला १०-११ मिनिटं लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी जवळपास १६ तास लागतात, आणि तेही पंखा बंद असेल तर. पंखा चालू ठेवून केर काढणं म्हणजे धुळीला घरभर फिरवून आणणं.

म्हणून सफाईची कुठलीही वस्तू घेताना ती किती चकाचक करते हे विचारून उपयोग नाही. ती धूळ बाहेर अडवते का, उचलून धरून ठेवते का, की एका जागेवरून दुसऱ्या जागी पाठवते, एवढंच बघायचं. घरोघरी वापरात असलेल्या वस्तू याच कसोटीवर घासून पाहिल्या आहेत. निकाल बऱ्याच जणांना आवडणार नाही, कारण वर आलेल्या वस्तू अगदी साध्या, दिसायला कंटाळवाण्या आहेत.

पहिला नंबर मायक्रोफायबरच्या फडक्याचा, पण चांगल्या फडक्याचा. या नावाखाली जे विकलं जातं त्यातलं बरंच नुसतं मऊ पॉलिएस्टर असतं. खऱ्या मायक्रोफायबरचा धागा १ डेनिअरपेक्षा बारीक असतो, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं वजन १ ग्रॅमहून कमी. सफाईसाठीच्या कापडात पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड एकत्र कातून नंतर तो धागा उभा चिरलेला असतो. चिरल्यामुळे गोल धाग्याच्या कडा असलेल्या बारीक फाका होतात आणि त्या कडांमध्ये धूळ अडकते. वेष्टनावर ८०/२० किंवा ७०/३० असं प्रमाण दिलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा पॉलिअमाइडचा. १०० टक्के पॉलिएस्टर लिहिलं असेल तर ते फडकं बहुधा पाणी टिपणार नाही, पुढे ढकलेल.

दुकानातच करता येण्यासारखी एक परीक्षा आहे. कोरड्या तळहातावरून फडकं हलकेच ओढायचं. चिरलेल्या धाग्याचं कापड त्वचेच्या बारीक खरखरीत भागांना अडकत अडकत जातं, जरा नकोसंच वाटतं. गुळगुळीत सरकलं तर परत ठेवावं. दुसरी परीक्षा घरी: ओट्यावर चमचाभर पाणी सांडायचं आणि फडक्याने एकदाच, दाब न देता ओढायचं. पाणी मागे राहता कामा नये.

कापडाची घनता जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम अशी लिहिलेली असते. आरसा आणि काचेसाठी २०० ते २५० जीएसएमचं, लव नसलेलं सपाट विणीचं कापड घ्यावं, लव असेल तर काचेवर तंतू राहतात. फर्निचरसाठी ३००-३५० पुरतं. ४०० च्या पुढचं जाड कापड हाताला छान लागतं, पण ते पाणी टिपायला चांगलं, धूळ पुसायला नाही. पिळून पिळून हात दुखतात आणि ते वाळतही नाही. कोपऱ्यात शिवलेली लेबलची चिठ्ठी पहिल्याच दिवशी कापून टाकावी, चकचकीत पृष्ठभागावर ओरखडे तीच काढते.

वापरण्यात बहुतेकांची चूक एकच: फडकं बोळा करून धरणं. ४० x ४० सेंटिमीटरचं फडकं दोनदा दुमडलं की २० x २० ची घडी होते आणि उलटसुलट करून पुसायला ८ स्वच्छ बाजू मिळतात. एक बाजू करडी झाली की पलटायची. बोळ्यात मात्र दोन-तीन जागाच पुन्हापुन्हा घासत राहतात आणि चौथ्या फर्निचरपर्यंत आपण पहिल्याची धूळ नेऊन पोचवतो. पुसताना गोल गोल हात फिरवू नये. पलीकडच्या कडेपासून आपल्याकडे, एकाच दिशेने ओढत आणायचं आणि काठावर आल्यावर उचलायचं.

ओलेपणाचं प्रमाण नेमकं हवं. स्प्रेच्या बाटलीने घडीवर २-३ फवारे मारायचे, फर्निचरवर नाही. पुसल्यावर राहणारी ओल दहा-पंधरा सेकंदांत उडून गेली तर प्रमाण बरोबर. त्याहून ओलं असेल तर धुळीचा पातळ चिखल होतो. तो मध्ये दिसत नाही, पण वाळल्यावर कडेला करड्या झालरीसारखा उठून दिसतो. काळ्या टेबलावर ही झालर हमखास सापडते. टीव्ही आणि संगणकाचा पडदा मात्र बंद करून, कोरड्या फडक्यानेच पुसावा. काच पुसायचा अमोनिया किंवा अल्कोहोलचा द्राव तिथे वापरला तर पडद्यावरचा लेप खराब होऊ शकतो.

“पहिला महिनाभर छान चाललं, मग नुसतं पाणी फिरवायला लागलं” ही मायक्रोफायबरबद्दलची सगळ्यात नेहमीची तक्रार. दोष बहुतेक वेळा धुण्यात असतो. कपडे मऊ करणारं फॅब्रिक सॉफ्टनर धाग्यावर मेणचट थर सोडतं आणि चिरलेल्या फाका चिकटून बसतात. टॉवेलबरोबर धुतलं तर सुती लव त्याच कडांमध्ये अडकते आणि पुढच्या वेळी ती लव काचेवर उतरते. त्यामुळे ही फडकी वेगळी, ४० ते ६० अंशांच्या पाण्यात, नेहमीच्या निम्म्या साबणात धुवावीत. सॉफ्टनर नको, ब्लीचही नको. इस्त्री तर मुळीच करू नये, उष्णतेने टोकं वितळून कडक होतात. आधीच बिघडलेलं फडकं ६० अंशांच्या पाण्यात थोड्या साबणाने धुऊन दोनदा खळबळून काढलं की बऱ्याचदा पुन्हा कामाला लागतं.

संडास-बाथरूम, स्वयंपाकघर आणि बाकीचं घर असे तीन रंग ठरवून प्रत्येकी ४ फडकी ठेवली की एक धुण्यात, एक वाळत, दोन हाताशी असा फेरा बसतो. याचीही दुसरी बाजू आहे. प्रत्येक धुण्यात या कापडातून प्लॅस्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात. ते नको असेल तर जुन्या सुती टीशर्टचा ओलसर तुकडा लाकडी फर्निचरला पुरेसा चांगला चालतो. काचेवर मात्र तो मागे पडतो.

पिसांचं डस्टर या कसोटीला उतरतच नाही. ते धूळ झटकतं, म्हणजे हवेत सोडतं. फेकून देण्याजोगी स्थिर विजेवर चालणारी कोरडी पुसणी धूळ खरोखर धरतात आणि टीव्हीमागच्या वायरींच्या गुंत्यात किंवा कोरीव चौकटीत दुसरं काही शिरत नाही. तेवढ्यापुरतं एक पाकीट घरात असावं. रोजच्या टेबलासाठी ते वापरणं म्हणजे कचऱ्याच्या डब्याला खाऊ घालणं.

छताचा पंखा हा प्रकार वेगळा. इतक्या वेगाने फिरणाऱ्या पात्यावर धूळ बसतेच कशी, हा प्रश्न अगदी रास्त आहे. पात्याला लागून असलेला हवेचा अगदी पातळ थर पात्याबरोबरच फिरतो, त्यामुळे चिकटलेला कण उडून जात नाही. हवा कापणारी पुढची कड सगळ्यात जाड माखते. स्वयंपाकघराजवळच्या पंख्यावर फोडणीच्या तेलाचा अंश असल्याने तीच धूळ डिंकासारखी होते.

यावर सगळ्यात चांगली वस्तू विकत घ्यावी लागत नाही: जुना उशीचा अभ्रा. पंख्याचं बटण बंद करून, तो पूर्ण थांबल्यावर, न हलणाऱ्या शिडीवर चढायचं. अभ्रा पात्यावर मोज्यासारखा मोटरपर्यंत चढवायचा. मग एक हात पात्याच्या वर, दुसरा खाली, अभ्र्यावरूनच दोन्हीकडून सारखा दाब देत हळूहळू टोकाकडे ओढायचा. धुळीची वळकटी अभ्र्यातच पडते, खाली पलंगावर सडा पडत नाही. अभ्रा आतून बाहेर उलटवून बाहेर झटकायचा, मग धुवायला टाकायचा. इथे दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे आधीच पाण्याचा फवारा मारणं. कोरडी धूळ सहज निघाली असती, तिचा लगदा होतो. ओलं फडकं दुसऱ्या फेरीत, कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे ४-५ थेंब टाकून. दुसरी म्हणजे फक्त खालून दाबणं. पातं किंचित वाकलं तरी पंखा नंतर डुगडुगायला लागतो आणि लोक दोष मोटरला देतात.

स्प्रेच्या बाटल्यांबद्दल थोडं कडक बोलायला हवं. लाकडाला चकाकी देणारे बरेच स्प्रे तेल किंवा सिलिकोनचा थर ठेवतात. पहिल्या दिवशी फर्निचर आरशासारखं दिसतं आणि त्याच थराला पुढची धूळ चिकटते. मग आणखी स्प्रे, आणखी थर. घर लवकर मळण्यामागे बाहेरच्या धुळीइतकाच हा चिकटपणा असतो, आणि तो आपणच विकत आणलेला असतो. फरशीचंही तेच. बादलीभर पाण्यात टोपणभर जास्त द्राव टाकला की फरशी वाळल्यावर अनवाणी पायाला किंचित चिकट लागते आणि दुपारपर्यंत पावलांचे ठसे उमटतात. १ लिटर कोमट पाण्यात भांड्यांचा साबण अर्धा छोटा चमचा, एवढं फर्निचर आणि कपाटांना पुरतं, त्यानंतर साध्या पाण्याचं फडकं एकदा फिरवायचं. फरशीवर आधीच थर साठला असेल तर दोन-तीन वेळा नुसत्या कोमट पाण्याने पुसून बघावं. बादलीतलं पाणी साबण न टाकताच फेसाळलं तर समजायचं.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसवण्याचा उपाय फार लोकप्रिय आहे. फेस दिसतो म्हणून काम झाल्यासारखं वाटतं, पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून टाकतात, उरतं ते बहुतांशी खारट पाणी. सोडा वेगळा वापरावा, घासायला. व्हिनेगर वेगळं, क्षारांच्या डागांवर.

फॅब्रिक सॉफ्टनरला मात्र इथे एक जागा आहे. १ भाग सॉफ्टनर आणि ४ भाग पाणी अशा मिश्रणात फडकं भिजवून घट्ट पिळायचं आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे पडदे, टीव्हीची मागची बाजू (पडदा नाही, हवेच्या जाळ्या नाहीत, आणि प्लग काढून) यावरून फिरवायचं. सॉफ्टनरमधला घटक हवेतली ओल धरतो, त्यातून स्थिर वीज निसटते आणि प्लॅस्टिक धूळ खेचणं कमी करतं. यासाठी जुनं सुती कापड वापरावं. मायक्रोफायबर वापरलं तर ते बाद झालंच म्हणून समजा. आणि प्रमाण वाढवलं तर पुन्हा तोच चिकट थर.

आता अडवण्याच्या वस्तू. पायपुसणं एक असून भागत नाही, दोन लागतात. दाराबाहेर राठ, खरवडणारं. आत टिपणारं, खाली रबर असलेलं. प्रत्येक पाऊल पायपुसण्यावर दोनदा पडायला हवं, म्हणजे चार पावलांची लांबी. ४० x ६० सेंटिमीटरच्या नेहमीच्या पायपुसण्यावर एकच पाऊल पडतं आणि दुसरं थेट फरशीवर. जागा असेल तर आतलं पायपुसणं नक्षी बघून नव्हे, लांबी बघून निवडावं. घेण्याआधी दार उघडताना खाली किती जागा राहते ते मोजावं. जाड पायपुसणं दाराला अडलं की लोक ते बाजूला सरकवतात आणि मग ते कुणाच्याच पायाखाली येत नाही. भरलेलं पायपुसणं धूळ घेत नाही, उलट देतं. त्याच्या पुढच्या पहिल्या फरशीवर करडे ठसे दिसू लागले की झटकायची वेळ होऊन गेली. आठवड्यातून एकदा बाहेर झटकायचं आणि त्याच वेळी खालची बाजूही बघायची. रबराखाली जमलेली वाळू फरशी घासत असते.

दाराखालची फट हा न दिसणारा रस्ता. रात्री पलीकडच्या बाजूला दिवा लावून अलीकडे अंधार करायचा, प्रकाशाची रेघ जिथे जाड तिथे धुळीची वाट रुंद. फट तीन ठिकाणी मोजावी: बिजागरीकडे, मध्ये, कडीकडे. तिन्ही आकडे क्वचितच सारखे येतात. फरक २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर रबरी पट्टी नको, ब्रशची घ्यावी; केस उंचसखल फरशीशी जुळवून घेतात. ब्रशचे केस फरशीवर टेकून १-२ मिलिमीटर वाकतील इतपतच पट्टी खाली घ्यायची. त्याहून दाबली तर दार जड होतं आणि केस एका बाजूला वळून कायमचे तसेच राहतात. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दाराच्या रुंदीपेक्षा ३-४ मिलिमीटर कमी कापावी, नाहीतर चौकटीला घासते. चिकटवायच्या पट्ट्या आठवड्यात निघून येतात त्याचं कारण गोंद नव्हे, दारावरचा तेलकट मळ. आधी स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावं आणि लावल्यावर मिनिटभर दाबून धरावं.

दाराच्या दोन्ही बाजूंना फोमच्या नळ्या असलेली, सरकवून बसवायची पट्टी सोपी आहे, स्क्रू लागत नाहीत. पण दाराची जाडी न मोजता घेतली तर ती दारासोबत वाकडी होते, आणि तिचं कापड स्वतःच केर ओढत फिरतं. महिन्याला धुवायची तयारी असेल तरच घ्यावी. गॅसचा गिझर, शेगडी किंवा उघड्या ज्योतीचं दुसरं काही ज्या खोलीत आहे, तिथल्या हवा यायच्या जागा बंद करू नयेत. तिथे धूळ परवडते, कार्बन मोनॉक्साइड परवडत नाही.

खिडकीची जाळी डासांसाठी आहे. तिची छिद्रं १ मिलिमीटरहून मोठी असतात, धुळीचा कण त्याच्या दहाव्या भागाहूनही लहान असतो. ती धूळ गाळते या भरवशावर राहू नये. खिडकीच्या रुळात साठलेली माती मात्र वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर आत येते. ती आधी कोरड्या ब्रशने सैल करून ओढून घ्यायची, मग ओलं फडकं. रुळाच्या तळाशी पाणी जायची बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी करावीत.

व्हॅक्यूम क्लीनर घेताना वॅटचा आकडा बघून काही कळत नाही. मागून बाहेर पडणारी हवा महत्त्वाची. अमेरिकी मानकानुसार हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण यंत्राच्या सांध्यांतून हवा गळत असेल तर फिल्टर कितीही चांगला असून उपयोग नाही. ‘हेपा टाइप’ हा शब्द तर या मानकाचं काहीच वचन देत नाही. खोलीत अंधार करून यंत्र चालवावं आणि मागच्या झोतावर आडवा टॉर्च मारावा. प्रकाशात कण नाचताना दिसले तर यंत्र धूळ दळून परत देतंय. पिशवी नसलेल्या यंत्राचा डबा घरात रिकामा केला की अर्धी मेहनत तिथेच सांडते. फिल्टर धुतल्यावर २४ तास वाळू द्यावा. ओलसर बसवला की कुबट वास येतो आणि ओढही कमी होते. सोफा आणि गादीसाठी हे यंत्र उत्तम, साध्या फरशीसाठी ओलसर सपाट पोछा त्याच्या तोडीचा. रोबो रोजची वरवरची धूळ कमी करतो, कोपरे सोडून देतो आणि त्याच्या ब्रशला गुंडाळलेले केस कात्रीने कापत बसावं लागतं.

एअर प्युरिफायर धूळ पुसणं वाचवेल म्हणून घेऊ नये. जाड कण त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच खाली बसतात, तो पकडतो ते हवेत तरंगणारे बारीक. श्वासाच्या त्रासासाठी घ्यायचा तर हिशेब सोपा आहे: ४ x ३ मीटरची, २.७ मीटर उंचीची खोली म्हणजे ३२.४ घनमीटर. तासाला ५ वेळा हवा गाळायची तर सीएडीआर, म्हणजे यंत्र किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, तासाला १६२ घनमीटर तरी हवा. वेष्टनावरचा आकडा बहुधा सगळ्यात वरच्या वेगाचा असतो, आणि त्या आवाजात कुणी झोपत नाही.

बाथरूममध्ये सिलिकोनच्या पात्याचा २५-३० सेंटिमीटरचा वायपर, आंघोळ झाल्या झाल्या वरून खाली, प्रत्येक पट्टा आधीच्यावर थोडा चढवत. मिनिटभराचं काम. काचेवरचे पांढरे डाग म्हणजे पाण्यातले क्षार, पाणी वाळलंच नाही तर ते बसत नाहीत. बसलेच असतील तर अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, १० मिनिटं ठेवून धुऊन टाकायचं. संगमरवरावर ते लावू नये, दगड खातं. आणि ब्लीचबरोबर कुठलंही आम्ल कधीच नाही, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या माथ्यावर वर्तमानपत्राचे कागद अंथरावेत. तिथली तेलकट धूळ घासून काढायला तास जातो, कागद गुंडाळून नवा टाकायला दोन मिनिटं. दोन-तीन महिन्यांनी बदलायचा. शेगडीच्या जवळ किंवा चिमणीच्या पाइपाला टेकेल असा मात्र ठेवू नये. चिमणीची जाळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर धुण्याच्या सोड्यात भिजवू नये, ती काळी पडते. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो.

दर महिन्याला फडक्यांची तळहातावरची परीक्षा घ्यावी. जे धुऊनही गुळगुळीत सरकतं त्याचा कोपरा कापून खूण करायची आणि ते खिडकीच्या रुळासाठी, चपलांच्या कप्प्यासाठी, सायकलच्या साखळीसाठी राखून ठेवायचं. साखळीला एकदा लावलेलं फडकं मात्र पुन्हा धुण्याच्या गठ्ठ्यात टाकू नये.